अंडरबॉडी कोटिंग: काळा लेप, मेण की लोकरीचं तेल? कोकणच्या खाऱ्या हवेत काय टिकतं

नवी गाडी ताब्यात घेताना शोरूममध्ये जी पॅकेजं पुढे सरकवली जातात, त्यात अंडरबॉडी कोटिंग हमखास असतं. सोबत सायलेन्सर कोटिंग, टेफ्लॉन, सीटांचं काहीतरी. फक्त खालच्या कोटिंगचे गाडीच्या आकारानुसार साधारण तीन ते सात हजार रुपये होतात. नागपूर-सोलापूरच्या माणसाने ते नाकारलं तरी त्याचं फारसं बिघडत नाही. अलिबाग, गुहागर, मालवण, वेंगुर्ला, पणजी, झालंच तर वर्सोव्याला समुद्राच्या तोंडावर राहणाऱ्याला मात्र काहीतरी करणं भागच आहे. फक्त पैसे मोजण्याआधी त्याने एक विचारून घ्यावं: मारणार काय आणि कुठे? कारण या नावाखाली बहुतेक ठिकाणी जे मारलं जातं ते दगड अडवतं, आवाज कमी करतं, दिसायला काळंभोर दिसतं. गंज मात्र जिथे खरोखर लागतो तिथे ते पोचतच नाही.

गंज कुठे लागतो हे कळायला मिठाचा स्वभाव माहीत हवा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं तेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या पुढेच ओलं होतं. म्हणजे किनाऱ्यावर पत्र्यावर बसलेला खारा थर आभाळ निरभ्र असतानाही ओलाच असतो. उलट धो धो पाऊस तितका वैरी नाही, उघड्या पत्र्यावरचं मीठ तो धुऊन तरी नेतो. घात होतो तो पाऊस पोचत नाही पण दमट हवा पोचते अशा जागी. दाराच्या तळाशी दुमडलेली कड, दाराखालच्या सिलची बंद पोकळी, मागच्या चाकावरच्या कमानीची आतली घडी, स्टेपनीचा खळगा, बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या चॅसिसवाल्या गाड्यांत त्या लांब बंद पेट्यांचा आतला भाग. यातलं जवळपास काहीच गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिलं तर दिसत नाही.

त्यात कोकणातली जांभ्याची माती. ती फेंडरच्या कडेला चिकटून बसते, आठवडाभर ओल धरते, आणि तिचा रंग नेमका गंजाचा. त्यामुळे पहिली खूण नजरेतून सुटते. ओलं फडकं फिरवावं: माती निघते, गंजाचा डाग राहतो.

काळा लेप

सर्वात जास्त विकला जातो तो डांबर किंवा रबर मिसळलेला काळा लेप. एक लिटरचा डबा थेट गनला लावून कॉम्प्रेसरने मारतात. हॅचबॅकला तीन ते चार डबे, मोठ्या एसयूव्हीला पाच-सहा. दोन हातांत मिळून वाळल्यावर साधारण अर्धा मिलिमीटर थर बसायला हवा. थ्रीएम, वुर्थ अशा कंपन्यांचा माल असतो, शिवाय डब्यावर नाव बघूनही कळणार नाही असा स्थानिक मालही असतो.

या लेपाचं जे खरं काम आहे ते तो चोख करतो. घाटातली खडी चाकाने उडून फेंडरच्या आत आपटते तेव्हा मूळ रंगाचे टवके उडत नाहीत. रस्त्याचा आवाजही कमी होतो. स्वच्छ, कोरड्या, नव्या पत्र्यावर, चाकांच्या कमानीत आणि पुढच्या फ्लोअरखाली तो मारायला हरकत नाही.

अडचण पुढे सुरू होते. डांबर उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने वर्षागणिक कडक होत जातं. पत्रा थरथरतो, आकुंचन-प्रसरण पावतो, लेपाला ते झेपत नाही. कुठेतरी कडेला केसाएवढी चीर पडते. पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नाही. लेप आणि पत्रा यांच्यामध्ये खारं पाणी धरून ठेवणारा खिसा तयार होतो. वरून अखंड काळं, आतून पत्रा पापडासारखा. असा पत्रा दोन-तीन वर्षांनी जॅक लावताना आत जातो तेव्हा मालकाला कळतं. उघड्या पत्र्यावरचा गंज निदान दिसतो तरी. आधीच गंजलेल्या किंवा नीट न वाळलेल्या पत्र्यावर हा लेप मारणं म्हणजे ओल्या भिंतीला ऑइलपेंट फासणं, आणि नेमकं तेच सर्रास होतं.

जुना लेप कसा आहे हे तपासायला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावं. घट्ट पत्रा खणखणीत वाजतो. पोकळ, भुसभुशीत आवाज आला किंवा लेप फुगवटा धरून असला तर टोकाने खरवडून बघावं. लेपाची पोपडी उचलली की खाली चकचकीत रंग दिसला तर ठीक. तपकिरी ओला चुरा दिसला तर तेवढा सगळा भाग उकरावा लागणार.

मेण

किनाऱ्यावरच्या गाडीसाठी पैसे खर्चायचेच तर ते इथे. पोकळीत मारायचं मेण, म्हणजे कॅव्हिटी वॅक्स, पातळ असतं. बारीक फटीत ते स्वतःहून सरकत जातं आणि वाळल्यावर चिवट, किंचित मऊ थर राहतो. थ्रीएम आणि वुर्थ दोघांकडेही ते मिळतं. लागणारं सामानही फार नाही: मीटरभर लांब नायलॉनची नळी आणि तिच्या टोकाला चहूबाजूंनी फवारणारं तोंड. नळी सिलच्या टोकापर्यंत आत घालायची आणि फवारत फवारत बाहेर ओढायची. छोट्या गाडीला साधारण एक लिटर, चॅसिसवाल्या मोठ्या गाडीला दीड-दोन लिटर पुरतं.

आत शिरायला नवीन भोकं पाडायची गरज बहुतेक गाड्यांत नसते. सिलला, दारांना, डिकीच्या झाकणाला, चॅसिसच्या पेट्यांना कारखान्यानेच भोकं ठेवलेली असतात, काहींवर रबरी बुचं असतात. ड्रिल घेऊन येणाऱ्या माणसाला तिथेच थांबवावं. नव्या भोकाची कड उघडी पडते, गंज तिथूनच सुरू होतो, आणि कंपनीची वॉरंटीही अडचणीत येते.

मेणाचा त्रास म्हणाल तर दोन-तीन दिवस दाराखालून थेंब गळतात, फरशीवर डाग पडतात, गाडी उन्हात उभी राहिली की वास येतो. दुसरं जास्त महत्त्वाचं: दारांच्या आणि सिलच्या तळाची निचऱ्याची भोकं मेणाने बुजू शकतात. काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोक मोकळं करून घ्यायचं. नारळाचा हीर यासाठी अगदी मापाचा असतो, तारेने मात्र रंग ओरखडतो. हे राहिलं तर दारात पाणी साचून मेणाचा सगळा उपयोग उलटा होतो.

फ्लोअरखाली, सबफ्रेमला, मागच्या एक्सलला मारायचं जाड मेण वेगळं येतं. त्यातलं पारदर्शक किंवा मधाच्या रंगाचं घ्यावं, काळं घेऊ नये. पुढच्या वर्षी खाली वाकून बघितलं की पत्र्यावर काय चाललंय ते त्यातून दिसतं. दगडांपुढे मेण डांबराइतकं टिकत नाही, चाकांच्या कमानीत तर ते दोन पावसाळ्यांत झिजतंच. तिथे परत हात मारावा लागतो, पण खरवडावं लागत नाही. जुन्या मेणावर नवं बसतं. काळ्या लेपाच्या बाबतीत ही सोय नाही.

लोकरीचं तेल, जळकं ऑइल आणि बाकीचे

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला चिकट अंश. यातलं जुनं नाव फ्लुइड फिल्म. १९४३ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जहाजांच्या बॅलास्ट टाक्या गंजू नयेत म्हणून ते बनवलं गेलं. हे कधीच पूर्ण वाळत नाही. त्यामुळे त्याला चीर पडत नाही, ओरखडा उठला तर बाजूचं तेल सरकून तो भरतं. गंज धरलेल्या पत्र्यावरही मारता येतं, आत झिरपतं. जुन्या गाडीला हाच पर्याय सर्वात शहाणा. उणं एवढंच की दर वर्षी मारावं लागतं, धूळ चिकटते, हात लावला की बरबटतो, आणि आयात माल असल्याने स्वस्त नाही. नैसर्गिक रबराचे भाग त्याने फुगू शकतात, म्हणून सस्पेन्शनच्या जोडांतल्या रबरी बुशांपासून लांब. कॅनडा-अमेरिकेच्या थंड भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रकार नवा नाही. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि बर्फ पडण्याआधी गाडीला खालून तेल मारून घेणं ही दर वर्षीची रीत आहे.

आपल्याकडे आगोटीला, म्हणजे पावसाळा तोंडावर आला की, ट्रक, टेम्पो, रिक्षांना खालून जळकं ऑइल आणि डिझेल मारण्याची पद्धत आहे. फुकटात होतं आणि चॅसिसवर, स्प्रिंगच्या पाट्यांवर काही आठवडे चालतंही. मोटारीला करू नये. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि धातूचा चुरा असतो, बुश आणि ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट त्याने फुगून फाटतात, पहिल्या मोठ्या पावसात निम्मं रस्त्यावर आणि तिथून विहिरीत जातं.

डब्ल्यूडी-४० हा फवारा हाताशी असतो म्हणून लोक तोच मारतात. त्याच्या नावातच काम लिहिलंय, डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट': १९५३ साली सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने पाणी हटवण्यासाठी केलेला चाळिसावा प्रयत्न. अडकलेला नट सोडवायला, ओला प्लग कोरडा करायला उत्तम. पावसाळाभर पत्रा राखण्याएवढा थर तो मागे ठेवत नाही. त्याच कंपनीचे वेगळे गंजरोधक प्रकार येतात, ती गोष्ट निराळी.

बॅटरीला जोडायची 'इलेक्ट्रॉनिक अँटी-रस्ट' डबी ऑनलाइन मिळते. विजेने गंज रोखण्याची रीत खरी आहे, जहाजांना आणि पुरलेल्या पाइपलाइनला ती लागू पडते, कारण त्या सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात आणि विजेचं मंडळ पूर्ण होतं. हवेत धावणाऱ्या गाडीला ते माध्यमच नाही. पैसे वाचवा.

आणि सायलेन्सर कोटिंग. ही उष्णता सोसणारी चंदेरी फवारणी असते, काही महिने छान दिसते. सायलेन्सर सडतो तो बहुतेक आतून. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी तयार होतं; बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीचा सायलेन्सर ते वाफेत घालवण्याइतका तापतच नाही, पाणी पेटीत साचतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग गाडी चालवणं हे कुठल्याही कोटिंगपेक्षा बरं. सायलेन्सरच्या पेटीखाली कधी कधी बारीक भोक असतं ते याच पाण्यासाठी. ते गळतं म्हणून कुणी एम-सील लावून बुजवू नये, आणि लेप मारणाऱ्यानेही बुजवू नये.

काम नीट झालंय हे कसं ओळखायचं

माल कितीही चांगला असो, निकाल ठरतो तो त्याआधीच्या धुण्या-सुकवण्यात. प्रामाणिक काम दीड ते दोन दिवस घेतं. 'सकाळी द्या, दुपारी न्या' म्हणणाऱ्याने ओल्या पत्र्यावर मारलंय असं समजायला हरकत नाही.

गाडी लिफ्टवर घ्यायची, चारही चाकं काढायची. फेंडरची प्लास्टिकची लाइनिंग आणि इंजिनखालची झाकणं काढायची. ही एक पायरी बघितली की सर्व्हिस सेंटरची पारख होते, कारण लाइनिंगच्या क्लिपा काढायला तासभर जातो आणि जुन्या क्लिपा तुटतात, म्हणून बरेच जण लाइनिंगवरूनच फवारतात. प्लास्टिकला गंजरोधक लेप! मग सगळं जेटने धुवायचं, फ्लोअर आणि सिलच्या पोकळ्या गोड्या पाण्याने खळखळून काढायच्या, भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. मीठ पत्र्याच्या खड्ड्यात राहिलं तर वरून काहीही मारा, खालून काम चालूच राहतं. तेलकट जागा डिग्रीझरने पुसायच्या.

सुकवायला एअर गनने जोडांतलं पाणी उडवायचं आणि गाडी किमान एक रात्र, शक्य तर चोवीस तास कोरड्या जागी ठेवायची. रंगकामातला नेहमीचा नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी वर हवं. मे महिन्याच्या शेवटी कोकणातल्या दमट सकाळी थंड पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा असतो, आणि नेमके तेव्हाच सगळे आगोटीच्या घाईत गॅरेजसमोर रांग लावतात. जानेवारी ते मार्च हा खरा हंगाम. हवा कोरडी, गॅरेजवाल्यालाही वेळ असतो.

मग गंज दिसेल तिथे वायर ब्रश आणि ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर. सुटी खपली एकही ठेवायची नाही. घट्ट चिकटलेल्या तपकिरी थरावर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचं स्थिर थरात रूपांतर करणारं रसायन: टॅनिक आम्लाचा असेल तर पत्रा निळसर काळा पडतो, फॉस्फोरिकचा असेल तर राखाडी. फॉस्फोरिकचा जादा अंश डब्यावर सांगितल्याप्रमाणे पुसून काढायचा, नाहीतर वरचा थर धरत नाही. उघडा पडलेल्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर. नुसता रेड ऑक्साइड मारून वर डांबर, ही पद्धत घराच्या खिडकीच्या गजांना ठीक आहे. जोडावरचं मूळ सीलंट तडकलं असेल तर ते खरवडून नवं भरायचं. आणि मग लेप किंवा मेण, दोन पातळ हात, मध्ये डब्यावर सांगितलेली वेळ, साधारण वीस-तीस मिनिटं. एकाच जाड हाताने वरचा पापुद्रा वाळतो, आतलं द्रावण अडकून राहतं, आणि पुढे तिथेच फुगा धरतो.

कुठे मारू नये ही माहिती मारणाऱ्या पोराला असतेच असं नाही, म्हणून मालकाला असावी. ब्रेकच्या डिस्क, कॅलिपर, ड्रम, एबीएसचे चाकाजवळचे सेन्सर आणि त्यांच्या वायरींचे जोड, सायलेन्सरची पूर्ण नळी आणि ऑक्सिजन सेन्सर, ड्राइव्ह शाफ्टचे बूट, सगळे रबरी बुश, शॉकअपचा चकाकता दांडा, हँडब्रेकची केबल, टाय रॉडच्या चुड्या, कारण अलाइनमेंटला त्या फिरवाव्या लागतात, इंजिन आणि गिअरबॉक्सचे ड्रेन बोल्ट, गिअरबॉक्स आणि पेट्रोल टाकीचे हवा सोडणारे पाइप, रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळ्या. सीएनजी गाडीत सिलिंडरचे व्हॉल्व्ह आणि नळीचे जोड मोकळे राहायला हवेत, गळती तिथेच तपासली जाते. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीची पेटी आणि उच्च दाबाच्या नारिंगी केबल यांच्या आसपास कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय काहीच मारू देऊ नका. हे सगळं टेपने आणि प्लास्टिकने झाकायला अर्धा-पाऊण तास जातो. रॅम्पखाली टेपचे तुकडे दिसलेच नाहीत तर झाकलेलं नाही.

ब्रेकच्या लोखंडी नळ्यांबद्दल थोडं थांबायला हवं. त्या फ्लोअरखालून मागे जातात, प्लास्टिकच्या क्लिपांमध्ये बसवलेल्या असतात, आणि क्लिपेखाली माती साठून नेमक्या तिथेच खड्डे पडतात. पत्रा सडला तर खर्च होतो, ही नळी फुटली तर पेडल खाली जातं. काळा लेप या नळ्यांवर बसला की कुणालाच काही दिसत नाही. क्लिप उघडून साफ करून पारदर्शक मेणाचा पातळ हात द्यावा. बोटाला खरखरीत खड्डे लागले तर मेण, कन्व्हर्टर काही नको, नळी बदलावी.

तशाच दुर्लक्षित जागा आणखी आहेत. शॉकअपच्या खालच्या वाटीत चिखल साचतो आणि स्प्रिंगचा शेवटचा वेढा गंजून तुटतो. दर सर्व्हिसिंगला तिथे जेट मारायला सांगावं. बॉनेटखाली बॅटरीच्या ट्रेवर आम्लाचे थेंब पडलेले असतात, ते खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन मग ट्रे रंगवावा. बॉडीला जोडलेल्या अर्थच्या वायरींखाली हिरवट-पांढरी भुकटी दिसली की बोल्ट काढून पत्रा घासावा, परत कसावा आणि वरून ग्रीस लावावं. अलॉय चाक हबला चिकटून बसतं, पंक्चरवाला घणाने ठोकतो, तेव्हा हबच्या मधल्या कडेला अँटी-सीझचं, म्हणजे धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पेस्टचं, अगदी पुसट बोट लावावं. नट बसतात त्या स्टडवर मात्र नाही, नट कसण्याचा हिशोब चुकतो.

पत्रा वरून, म्हणजे गाडीच्या आतून सडतो हेही बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. वायपरखालच्या जाळीत आंब्याचा मोहोर आणि पाला साचतो, निचरा तुंबतो, पाणी पुढच्या सीटसमोरच्या चटईखाली येतं. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी तेच. चटईखालचा फोम महिनोन्‌महिने ओला राहतो आणि फ्लोअर वरून खाली सडत जातो. खालून कितीही लेप द्या. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी चटई उचलून फोम तळहाताने दाबून बघायचा, एवढंच.

'हजार तास सॉल्ट स्प्रे'

डब्यावर किंवा माहितीपत्रकावर हा आकडा दिसतो. ही प्रमाणित चाचणी आहे: ३५ अंशांना पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं बंद पेटीत सतत सोडायचं. दोन लेपांची आपसांत तुलना करायला ती उपयोगी. पण इतके तास म्हणजे इतकी वर्षं असा गुणाकार तिच्यातून निघत नाही. पेटीतला नमुना सपाट, स्वच्छ, कारखान्यात रंगवलेला असतो. त्यावर ना खडी आपटते, ना ऊन-सावलीत तो वाळतो-भिजतो. काउंटरवर कुणी तासांवरून वर्षं सांगायला लागला तर त्याला विचारावं की पोकळ्यांत काय मारणार. उत्तराऐवजी 'तिथे कंपनीचं कोटिंग असतं' असं ऐकू आलं तर ते अर्धसत्य आहे. कारखान्यात आख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेने थर बसवतात, तो पोकळीतही पोचतो, पण तो असतो सुमारे २० मायक्रॉन, आणि दुमडलेल्या घड्यांच्या अगदी आत तो नीट पोचतोच असं नाही.

कुणी काय घ्यावं

नवी गाडी, किनाऱ्यावर मुक्काम: पोकळ्यांत मेण, कमानीत लाइनिंग काढून रबराचा लेप, बाकी फ्लोअर कारखान्याने दिला तसा. शोरूमचं पॅकेज घ्यायचंच असेल तर त्यात कॅव्हिटी वॅक्स आहे का ते बिलावर लिहून घ्यावं. पाच-सात वर्षांची, थोडी गंजलेली गाडी: लॅनोलिन किंवा पारदर्शक मेण, दर वर्षी, काळा लेप अजिबात नाही. बोलेरो, थार, स्कॉर्पिओ: चॅसिसच्या पेट्यांत आतून मेण फवारणं हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर. घाटावरची गाडी, वर्षातून दोनदा कोकणात जाणारी: कोटिंगचे पैसे ठेवा, परत आल्यावर नीट धुवा.

धुण्यातही एक खोच आहे. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, भाऊचा धक्का-मांडवा, कुठल्याही फेरीबोटीत गाडी चढवताना-उतरवताना जेटीवरच्या खाऱ्या पाण्यातून चाकं जातात, वर वाऱ्याने तुषार येतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खालून पाणी मारलं तर मीठ विरघळून जातं. त्यासाठी फार जोर लागत नाही, वेळ लागतो. भोकं पाडलेला पाइप गाडीखाली टाकून दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडलं तरी चालतं. जेट वापरलाच तर फूटभर लांबून, आणि रबरी बूट, वायरींचे जोड टाळून. पण पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या कित्येक बोअरवेलना मचूळ पाणी आहे. त्याने धुतलेली गाडी म्हणजे मीठ लावून ठेवलेली गाडी. चव घेऊन बघा, शंका आली तर शेवटचा हात विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याचा द्या. वाळूत रुतलेली गाडी भरतीच्या पाण्यात भिजली असेल तर चाकं काढून, ब्रेक उघडून धुणं त्याच दिवशी.

गाडी उभी करायची ती काँक्रीटवर; गवतावर किंवा ओल्या अंगणात नाही. मातीची वाफ रात्रभर पत्र्याला लागते. जलरोधक प्लास्टिकचं कव्हर पावसाळ्यात गाडीला बंद भांड्यातल्या भातासारखं वाफवतं. छप्पर असेल तर कव्हर नकोच.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ताजा, चमकता काळा लेप दिसला की सावध व्हावं. आठ वर्षांच्या गाडीला विक्रीच्या महिन्यातच अंडरबॉडी करावंसं का वाटलं? जॅक पॉइंटची कड, मागच्या कमानीची आतली घडी आणि स्टेपनीखालचा खळगा या तीन जागी लेपावर अंगठ्याने जोर देऊन बघावं. दबलं तर तिथे पत्रा नाही, नुसतं डांबर आहे. चुंबक कागदात गुंडाळून फिरवला तर पुट्टी भरलेली जागाही कळते. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीत सीटच्या पटऱ्यांच्या बोल्टवर गंज आणि सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ सापडते. तिथपर्यंत सहसा कुणी लेप मारत नाही.

गाडी परत घेताना लाइनिंग काढलेल्या अवस्थेतले फोटो मागा आणि आवारातच सावकाश चालवत ब्रेक दोन-चार वेळा दाबून बघा. पहिले एक-दोन दिवस सायलेन्सर तापल्यावर थोडा जळका वास येतो, बारीक थेंब उडालेले असतात तेवढ्यापुरता. तिसऱ्या दिवशीही धूर दिसला तर नळीवर लेप बसलाय. तो घासून काढणं गॅरेजवाल्याचं काम, वेगळे पैसे न घेता.